रिकाम्या गाडीची चाल

कामरगावच्या बसथांब्यावर, उदयसिंगच्या टपरीसमोर, अकरा माणसांच्या देखत शालिकराम ते बोलला तेव्हा इंद्रभानच्या हातात गरम चहाचा ग्लास होता. ग्लास त्यानं खाली ठेवला नाही. बोटं भाजत होती तरी धरून ठेवला. ठेवताना हात जरा हलला असता, तर त्या अकरा जणांना तेवढंच पुरे होतं.

"इंद्रभान, तुले किती डाव सांगू बावा?" शालिकराम म्हणाला. "बजारात बसून घेत जाऊ नको. घ्यायचीच असंल तर घरी जाऊन घे. माया गाडीत नाई पायजे."

काय घ्यायची, हे कोणी विचारलं नाही. अकरापैकी दोघांनी माना खाली घातल्या आणि बाकीचे नऊ जण इंद्रभानचे डोळे लाल आहेत का ते पाहू लागले.

झालं होतं ते एवढंच, की अर्ध्या तासापूर्वी कारंजाहून परत येताना व्हॅन डाव्या अंगाला सरकली, डांबर सोडून मुरमावर उतरली आणि रस्त्याच्या कडेला बाभळीखाली मुळे आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन बसलेल्या कमलीबाईच्या टोपल्यावरून चाक गेलं. कमलीबाईनं पाय वेळेवर ओढून घेतला. टोपल्याचा चुरा झाला. हिरवा सांबार मुरमात असा चिरडला की त्याचा वास थांब्यापर्यंत येत होता. म्हातारीनं शिव्या दिल्या, आणि त्या तिच्या हक्काच्या होत्या. इंद्रभाननं हात जोडून त्या ऐकून घेतल्या. पण शालिकरामचे शब्द ऐकून घ्यायला तो बांधील नव्हता.

"शालिकभाऊ," तो म्हणाला, "मी पेत नाई. तुमाले ठावं हाये."

"मले ठावं हाये म्हनूनच बोलून राह्यलो," शालिकराम हसला आणि मोटरसायकलवर बसून निघून गेला.

गाडीचा मालक शालिकराम त्याच्याहून सात वर्षांनी लहान. तरी तो इंद्रभानला तू म्हणायचा आणि इंद्रभान त्याला तुमी. बावीस वर्षांत हे उलटं व्हावं असं दोघांपैकी एकालाही कधी सुचलं नव्हतं. त्या दिवशी चटके बसलेल्या बोटांनी घराकडे चालताना ते इंद्रभानला पहिल्यांदा खुपलं.

इंद्रभान छप्पन्न वर्षांचा. काळा, सडपातळ, लांब हातांचा माणूस. त्याच्या बापानं सत्तावन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवशी घरातली दारूची बाटली उकिरड्यावर फोडली आणि मरेपर्यंत दुसरी आणली नाही. इंद्रभानच्या घरात ती कधी आलीच नाही. दर पौर्णिमेला विहारात तो पंचशील म्हणायचा, आणि पाचवं, दारू न पिण्याचं शील आलं की त्याचा आवाज नकळत इतरांपेक्षा एक पट्टी वर चढायचा. पोरं हसायची. हसोत बापडी. पाचातलं जे आपण एकदाही मोडलं नाही ते मोठ्यानं म्हणायला काय हरकत आहे, असं त्याचं म्हणणं.

गाडी चालवायला त्याला कोणी शिकवलं नाही. शालिकरामच्या बापाच्या वेळेपासून तो त्यांच्या भाजीच्या वाडीत मजुरीला. आधी मालाच्या मोट्या उचलायचा, मग ट्रॅक्टरवर बसला. दुपारी सगळे झोपले की पडीत वावरात एकटाच ट्रॅक्टर फिरवायचा आणि मागं वळून चाकांच्या रेघा पाहायचा. रेघ वाकडी आली की पुन्हा. मग मालकाच्या घरात ही व्हॅन आली, दुसऱ्याची वापरून टाकलेली, आणि किल्ली त्याच्या हातात आली. पहाटे पाचला वाडीतून वांगी, टमाटे, पत्ताकोबी भरून कारंजाच्या मंडीत न्यायची आणि सूर्य डोक्यावर येईपर्यंत रिकामी गाडी परत आणायची. बावीस वर्षं एका मातीच्या ढेकळालाही धक्का नाही. लोक शेतीचा, पोरांचा अभिमान धरतात. इंद्रभानचा सगळा अभिमान त्या सरळ रेघेत होता.

आणि आता तीच रेघ वाकडी झाली होती. गेल्या उन्हाळ्यापासून व्हॅन रस्त्यावर झोके घ्यायची. स्टेरिंग सरळ धरलेलं असताना गाडी हळूच डावीकडे निघायची. हात जरासा उजवीकडे द्यावा तर ती जास्तच उजवीकडे जायची, मग पुन्हा डावीकडे. कारंजाहून येताना इंद्रभानचे खांदे भरून यायचे. उदयसिंगच्या बाकावर बसून पाहणाऱ्याला मात्र एवढंच दिसायचं, की भरदुपारी मंडीतून परतणारा डायवर रस्ताभर डुलत येतो.

त्यानं सांगितलं नव्हतं असं नाही. तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा शालिकरामनं गाडी गावातल्या भागवत मिस्त्रीकडे टाकली. भागवतनं चाकं हलवून पाहिली, टायरॉडचे सांधे नवे टाकले, टायरात हवा सारखी केली. स्टेरिंग थोडं ढिलं वाटतं म्हणून स्टेरिंग बॉक्सचा स्क्रू दातओठ खाऊन कसला. गाडी घेऊन मंडीकडच्या वळणापर्यंत गेला आणि आला. जाताना गाडीत शालिकरामची पत्ताकोबी भरलेली होती, ती काढायचे कष्ट कोणी घेतले नव्हते.

"काई नाई गाडीत," भागवतनं हात पुसत निकाल दिला. "गाडीचे सांधे मी नवे केले. आता डायवरचे सांधे कोनाकडून करता ते पाहा."

हे वाक्य गावभर फिरलं. चांगलं वाक्य होतं, फिरणारच. आणि गाडी तर त्या दिवसापासून आणखी बिघडली. आता स्टेरिंग फिरवलं की फिरवलं तिथंच राहायचं. वळण संपल्यावर ते आपसूक सरळ यायला पाहिजे, ते येईना. ओढून आणावं लागायचं.

टोपल्याच्या गोष्टीनंतर तिसऱ्या दिवशी इंद्रभान घरी आला. लिलाबाई, त्याची बायको, पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली. रोज ती तांब्या देऊन चुलीकडे वळायची. आज ती देताना जवळ आली. पाऊलभर जास्त. मान त्याच्या खांद्यापाशी थांबली, आणि नाकातून घेतलेला श्वास त्याला ऐकू आला.

इंद्रभाननं पाणी प्यायलं नाही.

"वास घेतला का तू माया?"

लिलाबाई चुलीकडे वळली.

"लिले, मी काय विचारून राह्यलो?"

"विहारात शेजारची सपना विचारत होती," ती म्हणाली. "चार बायांत. म्हने, वहिनी, भाऊजी कवापासून?" "मी भांडले तिच्याशी. पन मंग वाटलं..."

इंद्रभाननं तांब्या ओट्यावर ठेवला तो इतक्या जोरात, की निम्मं पाणी अंगणात गेलं. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि पुढचे कितीतरी दिवस घरात हो-नाहीपलीकडे बोलला नाही. राग कशाचा होता? शालिकरामचा होता, भागवतचा होता. सगळ्यात जास्त त्या श्वासाचा होता. तीस वर्षं ज्या बाईच्या शेजारी झोपला, तिला त्याच्या तोंडाला कशाचा वास येतो ते नाकानं ठरवावं लागलं.

त्याच आठवड्यात शालिकरामनं पुतण्याला, गजेंद्रला, शेजारी बसवून पाठवायला सुरुवात केली. "रस्ता पाहून घेईन पोरगं," तो म्हणाला. गजेंद्र चोवीस वर्षांचा होता आणि रस्ता त्याला पाठ होता. तो कशासाठी बसतो ते दोघांनाही माहीत होतं. पोळा झाला की किल्ली त्याच्याकडे जायची होती, आणि इंद्रभाननं पुन्हा मोट्या उचलायच्या होत्या. नुसत्या मोट्या असत्या तर त्यानं उचलल्याही असत्या. पण किल्ली हातातून गेली असती तर ते वाक्य कायमचं खरं झालं असतं. दारुड्या होता म्हणून काढला, असं त्याच्या मागं त्याच्या लेकीला, धम्मदीपाला, सासरी ऐकावं लागलं असतं.

मग एका मंगळवारी शालिकरामच्या बायकोनं, सीताबाईनं, ढोरांसाठी सरकीची ढेप आणायला सांगितली. बारा पोती. गजेंद्र त्या दिवशी लग्नाला गेला होता. इंद्रभाननं मंडीत पोती भरली आणि परत निघाला. तीन-चार किलोमीटर आल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपले खांदे दुखत नाहीत. त्यानं स्टेरिंगवरची पकड ढिली केली. गाडी सरळ चालली होती. दोन बोटांवर चालली होती. पुलाचा कठडा मागं गेला, बाभळीखाली नवं टोपलं घेऊन बसलेली कमलीबाई मागं गेली, गाडी डांबराच्या मधोमध, ओढलेल्या दोरीसारखी.

त्यानं कडेला गाडी उभी केली. सकाळी माल असतो, गाडी सरळ जाते. परत येताना रिकामी, तेव्हा झोके खाते. आज परत येताना माल आहे, आणि गाडी सरळ आहे. हे इतके दिवस आपल्याला का दिसलं नाही? सकाळी अंधारात गाडी नीट जाते ते कोणी पाहत नाही, दुपारी डुलत येते ते अख्खं गाव पाहतं, आणि गाव जे पाहतं तेच आपणही पाहत बसलो. त्यानं स्वतःला अशी शिवी दिली, जी पौर्णिमेला विहारात कोणी ऐकली असती तर बाहेर काढलं असतं.

शालिकरामच्या खळ्यावर सिमेंटची सपाट जमीन होती. तिथं त्यानं गाडी लावली. मागच्या बंपरची उंची आपल्या पायावर मोजली. गुडघ्याच्या वाटीला बरोबर. मग एकेक पोतं उतरवू लागला. बारावं पोतं उतरलं तेव्हा बंपर वाटीच्या चांगला वीतभर वर गेला होता. गाडीचं ढुंगण वर आणि नाक खाली, उतारावरून पाणी प्यायला वाकलेल्या गोऱ्ह्यासारखं. पूर्वी रिकामी गाडी अशी उभी राहत नव्हती.

मग त्याला पाटे आठवले.

या भागात ओझ्याची गाडी घेतली की पहिलं काम असतं मागच्या कमानीत पाटा वाढवणं. कमान म्हणजे एकावर एक ठेवलेले लोखंडी पाटे, ज्यांच्यावर गाडीचं मागचं ओझं बसतं. एक पाटा जास्त टाकला की गाडी जास्त माल उचलते, बसत नाही. गेल्या उन्हाळ्यात टरबुजाचा माल होता, म्हणून शालिकरामनं लोहाराकडून भंगारातल्या जीपचे दोन-दोन पाटे दोन्ही कमानींत चढवले. बोल्ट आवळताना पाना कोणी धरला होता? इंद्रभाननं. "आता उचल म्हना टरबुजं," असं हसून कोण म्हणालं होतं? तोच.

त्यानं सुतळीला नट बांधून ओळंबा केला आणि पुढच्या चाकामागचा दांडा पाहिला, ज्याच्याभोवती चाक वळतं. सायकलचा पुढचा चिमटा उभा नसतो, तिरका असतो. म्हणून तर पोरं हात सोडून सायकल हाकतात, चाक आपोआप सरळ येतं. गाडीचंही तसंच असतं. सकाळी माल भरलेला असताना हा दांडा मागं कललेला असणार. आता नाक खाली गेल्यामुळं तो जवळजवळ ओळंब्यात आला होता. उभ्या दांड्याच्या चाकाला सरळ यायची ओढच राहत नाही. वर भागवतनं बॉक्स आवळून उरलीसुरली ओढही मारून टाकली होती.

कोणी दुसरा असता तर पळत जाऊन मालकाला सांगितलं असतं. इंद्रभाननं पोती गोठ्यात रचली, हात धुतले आणि कोणाला काही सांगितलं नाही. त्याच्या पोटात जे पेटलं होतं ते सांगून विझणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं रिकामी व्हॅन थांब्यावर आणून उभी केली. शालिकराम तिथंच होता. भागवत होता. गजेंद्र मोबाईलमध्ये मान घालून बसला होता.

"गजूभाऊ, चाल बस," इंद्रभान म्हणाला. "पुलापर्यंत ने अन् वापस आन. पोळ्याले घेनारच हायेस, आजच घे."

"आत्ता? कायले?"

"काऊन, येत नाई का?"

त्यावर उदयसिंगच्या बाकावरचे हसले, आणि गजेंद्रला उठावंच लागलं. इंद्रभान शेजारी बसला. रस्ता मोकळा होता. तरी कमलीबाईनं व्हॅन निघालेली पाहून टोपलं उचललं आणि झाडामागं नेलं.

जाताना गजेंद्रनं हळू नेली. पुलावरून वळला, आणि इंद्रभान म्हणाला, "आता रोज मी आनतो तशी आन. पन्नासनं." पन्नासला काटा टेकला तशी गाडी डावीकडे निघाली. गजेंद्रनं उजवीकडे ओढली. ती उजवीकडे गेली ती थांबेना. "अबे!" तो ओरडला. परत डावीकडे. त्याच्या कपाळावर घाम आला. थांब्यावरच्या माणसांनी पाहिलं, भरदुपारी व्हॅन रस्ताभर डुलत येते आहे, आणि स्टेरिंगवर शालिकरामचा पुतण्या आहे.

गाडी थांबली. इंद्रभान खाली उतरला आणि टपरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं विचारलं, "किती घेतली रे गजू?"

आधी उदयसिंग हसला, आणि मग सगळेच.

"काकाजी, गाडीच धरत नाई!" गजेंद्र रडकुंडीला आला होता. "आईची आन, मी नाई पेलो!"

"तुह्या तोंडाचा वास घेऊ का?" इंद्रभान म्हणाला. "का तुह्या बायकोले बोलावू वास घ्याले?"

तेव्हा हसणंही थांबलं. भागवत पुढं झाला, म्हणाला, "मी पाहिली होती ना गाडी..." आणि इंद्रभान त्याच्यावर असा वळला की तो दोन पावलं मागं सरला.

"माल भरून पाहिली तू! वाकून मांगचे पाटे पाह्यले का? बॉक्स आवळून ठेवला पहिलवानासारखा! अन् वरून माये सांधे काढतो?" मग त्यानं सगळं सांगितलं. पाटे, नाक, ओळंबा, सायकलचा चिमटा. पाना आपणच धरला होता हेही सांगितलं, कारण ते लपवून बाकीचं खरं सांगता येत नव्हतं.

त्याच दिवशी लोहाराकडे जीपचे चारही पाटे निघाले. इंद्रभान जवळ उभा राहिला आणि भागवतकडूनच बॉक्सचा स्क्रू ढिला करून घेतला, चाक हातानं फिरवून सोडलं की सैल परत येईल इतका. मग त्यानं गाडीच्या दोन्ही बाजूंनी मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणली आणि नव्या सांध्यांनी फाकलेली पुढची चाकं धाग्यात आणली. लोहार म्हणाला, "आता टरबुजं कमी बसतील." इंद्रभान म्हणाला, "दोन खेपा करीन."

संध्याकाळ व्हायच्या आत तो रिकामी गाडी पुलापर्यंत घेऊन गेला आणि परत आला. साठनं आणली. थांब्यावर येताना दोन्ही हात खिडकीबाहेर काढले, सगळ्यांना दिसतील असे. मूर्खपणा होता, पण गाडी रेघेतून हलली नाही.

शालिकरामनं किल्ली त्याच्या हातातच राहू दिली. "पाट्याची चूक निंघाली बावा," तो म्हणाला. "जाऊ दे आता."

"पाट्यानं मले दारुड्या नाई म्हटलं," इंद्रभान म्हणाला. "तुमी म्हटलं."

"बरं, मी म्हटलं. गलत म्हटलं. झालं?"

"नाई झालं. घरी चाला."

"कोनाच्या?"

"माया. लिलेले सांगा."

बावीस वर्षांत शालिकराम इंद्रभानच्या घरी आला नव्हता. वाट त्याला माहीत होती, विहिरीच्या पलीकडं, विहाराच्या मागं. त्यानं बाकावरच्या माणसांकडे पाहिलं. कोणी त्याच्या मदतीला आलं नाही. इंद्रभान चालू लागला आणि शालिकरामला मागून जावं लागलं.

दारात तो अडला. "इथूनच सांगतो."

"रस्त्यावर खूप बोलले तुमी," इंद्रभान म्हणाला. "हे आत येऊन बोला."

शालिकरामनं चपला काढल्या. आत आला. लिलाबाई भाकरी थापत होती, पीठ लागलेल्या हातांनी उठून उभी राहिली.

"वहिनी, इंद्रभान पेत नाई," शालिकराम खाली पाहत म्हणाला. "गाडीत खराबी होती. मी उगाच बोललो."

लिलाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. ती शालिकरामकडेच पाहत होती, आणि तिचा आवाज हळूहळू चढत गेला.

"शालिकभाऊ, तीस वर्सं झाले लगनाले. तुमच्या एका बोलन्यापायी मी ह्याईच्या तोंडाचा वास घेतला. समजलं का तुमाले? पानी देता देता वास घेतला मी. चोरावानी. तवापासून हे माह्याशी बोलत नाईत." तिनं पिठाचा हात उचलला आणि तो थेट शालिकरामच्या तोंडासमोर आला. "गाडी तुमी दुरुस्त केली असंल. हे कोन दुरुस्त करते?"

शालिकराम चपला हातात घेऊनच बाहेर पडला.

तव्यावरची भाकर जळत होती. लिलाबाईनं ती उलटली, आणि पाठमोरीच म्हणाली, "चुकलं मायं."

इंद्रभान भिंतीला टेकून खाली बसला. शालिकरामचा राग गेला नव्हता, तो बहुतेक जाणारही नव्हता, आणि त्याची त्याला घाई नव्हती.

"ती जळालेली मलेच वाढ," तो म्हणाला.